'कृत्रिम बुद्धिमत्ता'मधलं 'कृत्रिम' आणि जॉन मॅकार्थी

प्रश्न असा आलाय की 'कृत्रिम' म्हटलं की खोटं, बेगडी असं काहीतरी वाटतं, मग एआयला 'कृत्रिम बुद्धिमत्ता' म्हणण्यापेक्षा सरळ 'यंत्रबुद्धी' का म्हणू नये?

माझं मत विचाराल तर कृत्रिमच राहू द्या. कृत्रिम हसू म्हणजे खोटं हसू हे बरोबरच, पण कृत्रिम पाऊस पाडतात तेव्हा ढगात फवारणी माणसाने केलेली असली तरी शेतात पडतं ते पाणी खरंच असतं ना. तिथे अर्थ 'माणसाने घडवून आणलेलं' एवढाच, मूळ धातूही कृ म्हणजे करणे हाच.

आणि हे नाव ज्याने रूढ केलं त्या अमेरिकन संगणकशास्त्रज्ञ जॉन मॅकार्थीच्या मनात हाच दुसरा अर्थ होता. १९५५ साली तो डार्टमथ कॉलेजात गणित शिकवत होता, तिशीही गाठली नव्हती, आणि मार्विन मिन्स्की, नॅथॅनिएल रॉचेस्टर, क्लॉड शॅनन या संशोधकांना बरोबर घेऊन त्याने रॉकफेलर फाउंडेशनकडे १३,५०० डॉलर मागितले, का तर पुढच्या उन्हाळ्यात दहा जणांनी दोन महिने बसून यंत्राकडून बुद्धीची कामं कशी करवून घेता येतील ते बघायचं. मिळाले ७,५००. त्या अर्जाच्या मथळ्यातच 'आर्टिफिशियल इंटेलिजन्स' आहे. त्याआधी शॅननबरोबर ऑटोमाटावरचा (म्हणजे आपोआप चालणाऱ्या यंत्रांच्या गणिती नमुन्यांवरचा) लेखसंग्रह काढताना आलेले लेख बघून त्याची निराशा झाली होती, बुद्धीबद्दल कोणी धड बोलतच नव्हतं, म्हणून या वेळी त्याने आडपडदा न ठेवता नावातच विषय सांगून टाकला. शिवाय गणितज्ञ नॉर्बर्ट वीनरच्या सायबरनेटिक्सच्या, म्हणजे यंत्रं आणि सजीवांमधल्या नियंत्रण-संदेशवहनाच्या शास्त्राच्या, छत्राखाली जायचं नव्हतं हेही कारण त्याने नंतर सांगितलंय.

यंत्राची बुद्धी नकली असं तो मानत नव्हताच. १९७९ च्या एका लेखात तर त्याने थर्मोस्टॅटसारख्या (तापमान ठरावीक ठेवणाऱ्या) साध्या उपकरणालाही 'समजुती' असतात असं म्हणता येईल अशी बाजू मांडली, त्यावरून तत्त्वज्ञांनी त्याला भरपूर धारेवर धरलं. मला त्याचा हा धीटपणा फार आवडतो.

'यंत्रबुद्धी' चूक नाहीये हां, एडिंबरात डोनाल्ड मिकी वगैरे संशोधक मंडळी 'मशीन इंटेलिजन्स'च म्हणायची, पण चाललं मॅकार्थीचं नाव. चाललं ते नुसतं नाव छान म्हणून नाही, मागे कामही तसं होतं. १९५८ मध्ये त्याने लिस्प ही प्रोग्रॅमिंगची भाषा रचायला घेतली, एआयवाले पुढे कित्येक दशकं तीच वापरत राहिले. वापरून झालेली मेमरी प्रोग्रॅमने आपली आपणच मोकळी करायची ही सोयही लिस्पसाठी त्यानेच काढली, आज जावा या भाषेत प्रोग्रॅम लिहिणारे रोज 'गार्बेज कलेक्शन' म्हणतात ते हेच. स्टॅनफर्डची एआय लॅब उभी केली, १९७१ ला संगणकशास्त्रातला मानाचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, २०११ मध्ये गेला.

राहिला 'कृत्रिम प्रज्ञा'चा पर्याय, तोही बरेच जण सुचवतात. मॅकार्थीच्या व्याख्येत बुद्धी म्हणजे जगात आपलं उद्दिष्ट गाठायच्या क्षमतेतला गणनेचा भाग, तेवढंच. प्रज्ञेत त्याहून जास्त काही येतं, विवेक येतो, स्थितप्रज्ञ आठवतो, तेवढं त्याने कधी मागितलंच नव्हतं, म्हणून मी तरी 'बुद्धिमत्ता'च लिहिते.