परदेशातील वाहतूक दंड : नोटीस घरी आल्यावर

प्रश्न : मागील वर्षी मे महिन्यात आम्ही उभयता इटलीला गेलो होतो. फ्लोरेन्समध्ये भाड्याची मोटार मी स्वतः चालवली. परतल्यावर ऑगस्टच्या क्रेडिट कार्डाच्या बिलात गाडी देणाऱ्या कंपनीने ४५ युरो घेतल्याचे दिसले. तोच दंड असावा असे समजून मी विषय सोडून दिला. आता, सहलीनंतर दहा महिन्यांनी, तेथील नगरपालिकेचे रजिस्टर टपाल आले आहे. त्यात बंदी असलेल्या भागात गाडी नेल्याचे म्हटले असून ८३, ५८.१० आणि १६६ युरो अशा तीन रकमा दिल्या आहेत. एकाच चुकीचे पैसे दोनदा का भरायचे? इतक्या उशिराची नोटीस ग्राह्य असते का? आणि पैसे भरलेच नाहीत, तर नाशिकला येऊन वसुली कोण करणार?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर : कंपनीने ऑगस्टमध्ये घेतलेले ४५ युरो हा दंड नव्हे. गाडी कंपनीच्या नावावर असल्यामुळे पोलीस आधी तिच्याकडे विचारणा करतात, कंपनी करारातील चालकाचे नाव व पत्ता कळवते आणि त्या कामाचे शुल्क कार्डावरून वसूल करते. भाडेकराराच्या मागच्या पानावरील बारीक अक्षरांत ही अट बहुधा असतेच. म्हणजे पैसे दोनदा मागितलेले नाहीत. दंडाची मागणी प्रथमच होत आहे. बारीक अक्षरे आपण सारेच सही करून झाल्यावर वाचतो, ही गोष्ट निराळी.

आपण ज्या भागात गेलात, त्याला तेथे 'झोना आ ट्राफिको लिमिटाटो' (मर्यादित वाहतुकीचा भाग) म्हणतात. कुंभमेळ्याच्या पर्वणीला रामकुंडाकडे जाणारे रस्ते बाहेरच्या वाहनांना बंद होतात आणि पासधारकांनाच सोडले जाते, तशीच ही व्यवस्था. मात्र ती ठरलेल्या वेळांना वर्षभर चालते, आणि अडवायला पोलीस नसून फक्त कॅमेरा असतो. गाडी आत शिरली की नंबरप्लेट टिपली जाते आणि चालकाला त्याचा पत्ताही लागत नाही. प्रत्येक प्रवेशाची नोंद स्वतंत्र होत असल्याने आणखी एखादी नोटीस मागाहून आली, तर ती चुकून पुन्हा पाठवली आहे असे गृहीत न धरता दोन्हींवरील तारीख, वेळ आणि प्रवेशमार्गाचे नाव ताडून पाहावे.

विलंबाचा मुद्दा आपल्याला उपयोगी पडेल असे वाटत नाही. इटलीच्या वाहतूक संहितेच्या कलम २०१ प्रमाणे तेथील रहिवाशांना ९० दिवसांत आणि परदेशी राहणाऱ्यांना ३६० दिवसांत नोटीस धाडता येते. भाड्याच्या गाडीच्या बाबतीत नगरपालिका ही मुदत कंपनीकडून चालकाचे नाव कळल्यापासून मोजतात. आपली नोटीस तर उल्लंघनाच्या दिवसापासून मोजली तरी मुदतीत बसते.

आता तीन रकमांविषयी. ८३ युरो हा मूळ, म्हणजे किमान दंड असून तो नोटीस मिळाल्यापासून ६० दिवसांत भरायचा असतो. पहिल्या पाच दिवसांत भरल्यास तीस टक्के सूट मिळून तो ५८.१० होतो. साठ दिवस उलटले की कमाल दंडाच्या निम्मी रक्कम, म्हणजे १६६ युरो, लागू होते. टपाल व कार्यवाहीचा खर्च यांत वेगळा मिळवला जातो आणि त्यावर सूट नसते.

भरणा करण्याआधी नोटिशीवरील गाडीचा क्रमांक भाडेकराराशी जुळतो का, हे पाहावे. अनेक नगरपालिकांच्या संकेतस्थळावर नोटीस क्रमांक टाकून कॅमेऱ्याचे छायाचित्रही पाहता येते. ई-चलानच्या नावाखाली व्हॉट्सअॅपवर एपीके फाइल पाठवून खाती रिकामी करण्याचे प्रकार आपल्याकडे झालेले असल्यामुळे एवढी काळजी घेणे गैर नाही. संकेतस्थळाचा पत्ता कागदावरून पाहून हाताने टाइप करावा.

कार्डाने भरण्याची सोय असेल तर तोच मार्ग घ्यावा. त्यासाठी बँकेच्या अॅपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात. बँकेमार्फत पैसे पाठवायचे झाल्यास ए-टू फॉर्म (परदेशी पैसे पाठवण्याचा अर्ज) आणि पॅन लागतो. येथे एका बारीकशा गोष्टीवर अनेकांचे गाडे अडते. स्विफ्टने, म्हणजे बँकांच्या आंतरराष्ट्रीय जाळ्यातून, पाठवलेल्या रकमेतून मधल्या बँका आपले शुल्क कापून घेतात, नगरपालिकेला चार-पाच युरो कमी पोहोचतात आणि भरणा अपुरा धरून बाकीच्या रकमेचा तगादा सुरू होतो. म्हणून फॉर्मवर सर्व शुल्क पाठवणाऱ्याकडे, म्हणजे 'ओयूआर' हा पर्याय निवडावा आणि नोटीस क्रमांक संदर्भ म्हणून लिहायला विसरू नये. पैसे पाच दिवसांत पोहोचण्याची खात्री नसेल तर सवलतीच्या मोहात न पडता पूर्ण ८३ युरो व खर्च भरलेला बरा.

अपील करता येते, पण हिशेब मांडून पाहावा. प्रीफेक्टकडे (प्रांतातील सरकारी प्रतिनिधीकडे) साठ दिवसांत विनाशुल्क अर्ज करता येतो. तो फेटाळला गेला तर किमान दंडाच्या निदान दुप्पट रक्कम भरावी लागते. शांतता न्यायाधीशाकडे, म्हणजे किरकोळ दावे चालवणाऱ्या कनिष्ठ न्यायालयात, परदेशी रहिवाशाला साठ दिवसांची मुदत आहे, मात्र तेथे ४३ युरो न्यायशुल्क पडते आणि अर्ज इटालियनमध्येच द्यावा लागतो. ८३ युरोंसाठी एवढा खटाटोप मला पटत नाही. अपवाद एकच. आपले हॉटेल त्या बंदी भागातच होते आणि त्यांनी आपल्या गाडीचा क्रमांक नगरपालिकेला कळवला होता असे असेल, तर हॉटेलकडून तसे लेखी मागवून घ्यावे आणि ते हाती येईपर्यंत भरणा करू नये, कारण पैसे भरल्यावर अपिलाचा हक्क संपतो. साठ दिवसांचे भान मात्र ठेवावे.

राहिला वसुलीचा प्रश्न. आपल्या दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ मधील कलम ४४-अ अन्वये काही देशांच्या न्यायालयांचे हुकूमनामे येथे बजावता येतात, परंतु त्यातून दंडाची रक्कम स्पष्टपणे वगळलेली आहे. दुसऱ्या सदस्य देशातील चालकाला गाठण्याची युरोपीय संघाची व्यवस्थाही त्या देशांपुरतीच आहे. तेव्हा कोणी गंगापूर रोडवर येऊन दार ठोठावणार नाही. तरीही हा सल्ला मी 'भरू नका' असा देत नाही. रक्कम वाढत राहते, आणि पुन्हा युरोपात गेल्यावर जुनी थकबाकी निस्तरण्यापेक्षा आताच ८३ युरो देणे स्वस्त आहे.

प्रश्न : मुलगा व सून जूनमध्ये इटलीला जात आहेत. नाशिकचे लायसन्स तेथे चालेल का?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : नुसते लायसन्स पुरत नाही, सोबत आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. त्यासाठी नमुना ४-अ भरून पेठ रोडवरील प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडे अर्ज करावा. परवाना एक वर्ष चालतो. मूळ लायसन्सही जवळ बाळगावे लागते. दंडापासून मात्र तो वाचवत नाही. हॉटेल निश्चित करतानाच ते बंदी भागात आहे का, असल्यास गाडीचा क्रमांक कोण व कधी कळवणार, हे ई-मेलने विचारून घ्यावे आणि ते उत्तर वर्षभर तरी जपून ठेवावे.