दीड वर्षाच्या मुलाला ताप आहे (वजन ११ किलो). पॅरासिटामॉल दर ४ तासांनी द्यायचं की ६? झोपला असेल तर उठवून द्यावं का?

झोपलाय ना, मग झोपू द्या. थर्मामीटरचा आकडा खाली आणायला पोराला उठवून औषध पाजणं मला कधीच पटलेलं नाही, पोर बेजार असेल तर द्यायचं, १०१ तापात खेळत असेल तर घाई कशाला. तासांचं म्हणाल तर दोन डोसमध्ये कमीत कमी ४, शक्यतो ६, आणि २४ तासांत चारच्या वर नाही. पण बाटलीवर काय लिहिलंय ते वाचलंत का?

मी नव्हतं वाचलं. दोन वर्षांपूर्वी दिवाळीत बार्शीला ताईकडे गेलो होतो, मुलगी १४ महिन्यांची, वजन ९ किलो. भाऊबीजेच्या संध्याकाळी अंग तापलं आणि आमची बाटली पुण्यात फ्रीजवर राहिलेली. दाजी म्हणाले थांब, मी आणतो. दाजींनी पूर्वी चार वर्षं एमआरची, म्हणजे औषध कंपनीच्या प्रतिनिधीची, बॅग फिरवलीय, त्यामुळे औषधांचा विषय निघाला की घरात त्यांच्यापुढे कुणी बोलत नाही, डॉक्टरांनीही बोलू नये अशी त्यांची अपेक्षा असते. आणली, आम्ही घरी ५ एमएल द्यायचो म्हणून आठ वाजता ५ पाजलं, बाराला परत कण्हायला लागली म्हणून परत ५. मी विचारलं होतं हो, की दाजी, आपली हीच असते का? तर म्हणे, "कंपनी बदलली म्हणून ताप काय औषधाला ओळख विचारतो का?" सगळे हसले, मीपण हसलो.

पहाटे चारला तिसरा डोस काढताना लाईट गेली आणि मोबाईलच्या टॉर्चमध्ये लेबल दिसलं. ५ एमएलमध्ये २५० मिग्रॅ. आमची घरची १२० ची! म्हणजे दोन्ही वेळा दुपटीहून जास्त गेलेलं. आमच्या डॉक्टर मॅडमनी त्या वेळीही फोन उचलला, वजन आणि दोन्ही डोस विचारून घेतले, म्हणाल्या एवढ्याने यकृताला इजा होणार नाही, पण असंच दोन-तीन दिवस चाललं असतं तर निभावलं नसतं. दुपारपर्यंत काही देऊ नका, उलट्या झाल्या किंवा सुस्त वाटली तर लगेच ॲडमिट.

दाजी आजही म्हणतात, "झालं का काही पोरीला?" अहो नाही झालं, कारण लाईट गेली!

तर हिशोब वजनाचा. किलोला १० ते १५ मिग्रॅ, म्हणजे तुमच्या ११ किलोला एका वेळी ११० ते १६५. बाटली १२० ची असेल तर ५ एमएल ठीक, २५० ची असेल तर अडीच ते तीन. आणि ड्रॉप्स असतील तर जास्त सांभाळा, त्यात बहुतेक वेळा एका एमएलमध्येच १०० मिग्रॅ असतं, लहान बाळाचं म्हणून सौम्य असेल असं लोक धरून चालतात आणि तिथेच फसतात. घरातला चमचा नको, सिरिंज घ्या. किती वाजता किती दिलं आणि कुणी दिलं ते कॅलेंडरवर लिहा, आमच्याकडे मी लिहितो तर "कारकून आला" म्हणतात, म्हणू देत.

मी डॉक्टर नाही, ऑडिट करतो. तीन महिन्यांच्या आतलं बाळ असेल तर औषध घरी द्यायचंच नाही, थेट दवाखाना. झटका आला, लघवी कमी झाली, पोर उठवूनही नीट जागं होत नसेल तरी तेच. डेंगीची साथ असेल तर आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिक ॲसिड ही तापाची दुसरी औषधं मनाने देऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. ॲस्पिरिन तर मुलांना नाहीच, आणि निमेसुलाइड हे तापाचंच औषध १२ वर्षांच्या आत द्यायला आपल्याकडे २०११ पासून बंदी आहे, तरी गोळ्यांची जुनी पट्टी कपाटात असते. हो, आणि सर्दीचं सिरप चालू असेल तर त्याचंही लेबल बघा, पुष्कळदा त्यातही पॅरासिटामॉल असतंच.