कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्राचे संशोधन : एका विद्यार्थिनीस पत्र

अंबाजोगाई

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आणि सोबतचे टिपण दोन्ही वाचले. कॅथलिक विद्यापीठात नीतिशास्त्रावर पीएच.डी. करायची म्हणजे निष्कर्ष आधीच ठरलेले असणार आणि आपण फक्त तिथवरची वाट लिहून द्यायची, अशी शंका तुझ्या मामांनी काढली आहे. ती अगदीच निराधार नाही, म्हणून आधी तिच्याबद्दल लिहितो.

दुसरे पोप जॉन पॉल यांनी १९९० साली कॅथलिक विद्यापीठांसाठी जी घटना घालून दिली, तिच्यात प्रत्येक व्यक्तीच्या सद्सद्विवेकाच्या स्वातंत्र्याचा पूर्ण आदर राखावा असे म्हटले आहे, आणि ईश्वरशास्त्र शिकवणाऱ्यांनी चर्चच्या शिकवणुकीशी एकनिष्ठ राहावे असेही म्हटले आहे. हा दुसरा भाग केवळ शोभेचा नाही. ही घटना येण्याच्याही आधी, संततिनियमनासारख्या प्रश्नांवर वेगळे मत मांडले म्हणून वॉशिंग्टनच्या कॅथलिक विद्यापीठातील प्राध्यापक चार्ल्स करन यांना व्हॅटिकनने १९८६ साली कॅथलिक ईश्वरशास्त्र शिकवण्यास अपात्र ठरवले होते. मात्र हे बंधन ईश्वरशास्त्राच्या अध्यापकांवर आहे. तत्त्वज्ञान विभागात प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थिनीवर नाही. नीतिशास्त्र दोन्ही विभागांत शिकवले जाते, तेव्हा अर्ज कोणत्या विभागाकडे जातो आहे ते नीट पाहा. पदवीचेही तसेच आहे. रोमच्या अधिकाराने मिळणारी धर्मपीठीय पदवी विद्वत्तेत कमी नसते, पण उद्या तिच्या जोरावर बीड-लातूरकडच्या महाविद्यालयात नोकरी मागायची असेल तर ती विद्यापीठ अनुदान आयोगाला (यूजीसीला) मान्य असलेली पीएच.डी. असायला हवी. प्रवेशापूर्वीच हे विद्यापीठाकडून लेखी घे. तोंडी आश्वासनावर फी भरू नकोस.

आता मुख्य गोष्ट. तुझ्या टिपणाचे शीर्षक ‘संमती आणि स्वायत्तता’ असे आहे आणि त्यात बीड जिल्हा कुठेच नाही. धारूर तालुक्यात वाढलेल्या, दरवर्षी दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीसाठी अर्धे गाव रिकामे होताना पाहिलेल्या मुलीने असे टिपण लिहावे याचे मला वाईट वाटले, आणि थोडा रागही आला. कोणत्याही मोठ्या विद्यापीठात गेले की तिथले तयार प्रश्न विद्यार्थ्याला आपलेच वाटू लागतात. तू तर जाण्याआधीच आपला प्रश्न घरी ठेवून निघाली आहेस.

राज्य सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या वेळी, २०१९ साली, जिल्ह्यातल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड महिलांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांहून अधिक जणींची पिशवी, म्हणजे गर्भाशय, काढलेली आढळली. त्याच्या आदल्याच वर्षी, डिसेंबर २०१८ मध्ये, व्हॅटिकनच्या धर्मसिद्धांत मंडळाने नेमक्या याच शस्त्रक्रियेवर एका प्रश्नाचे उत्तर दिले होते. गर्भाशय गर्भ वाढवण्यास कायमचे असमर्थ झाले आहे अशी तज्ज्ञांची खात्री असेल, तर ते काढणे हे निर्बीजीकरण ठरत नाही, म्हणून ते नैतिकदृष्ट्या चालते, असे ते उत्तर आहे. शस्त्रक्रिया तीच, पण तिथला सगळा विचार प्रजननाभोवती फिरतो. आपल्याकडची बाई पिशवी काढते तेव्हा तिच्या डोक्यात उचल, म्हणजे हंगामाआधी अंगावर घेतलेली आगाऊ रक्कम, असते, एका दिवसाच्या खाड्याचा दंड असतो, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहायच्या असतात आणि कोपीजवळ, फडावरच्या झोपडीजवळ, आडोसा नसतो. गर्भाशय निरोगी होते की रोगट, एवढेच विचारणारी चौकट तिच्या हाती फार तर एक निकाल देईल. तिला इथवर कोणी आणले हे विचारणार नाही.

म्हणून तुला हे विद्यापीठ सोडून दे असे मी म्हणेन, असे वाटेल. उलट, याच परंपरेच्या दुसऱ्या कपाटात तुला हवे ते आहे. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली कामगारांच्या स्थितीवर जे पत्र काढले, त्यात म्हटले आहे की गरजेपोटी किंवा याहून वाईट काही घडेल या भीतीपोटी कामगाराने कठोर अटी मान्य केल्या, तर तो बळजबरीचा आणि अन्यायाचा बळी ठरतो. उचल देऊन मजुरांची टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या वहीतल्या अंगठ्याला हे जसेच्या तसे लागू पडते. मग दवाखान्यातल्या संमतिपत्रावरच्या अंगठ्याला का लागू पडू नये? वैद्यकीय नीतिशास्त्र शस्त्रक्रिया तपासते, सामाजिक शिकवण करार तपासते, आणि दोन्ही ठिकाणी अंगठा त्याच बाईचा असतो. ही दोन कपाटे एकत्र उघडणारा प्रबंध तू लिहावास, असे मला वाटते.

त्याच प्रकरणात बाबासाहेबांना आण. घटना समितीला १९४७ साली दिलेल्या निवेदनात, पोट भरण्याची भ्रांत असलेला माणूस नोकरीसाठी आपले मूलभूत हक्कही सोडून देईल, हे त्यांनी स्पष्ट मांडले आहे. लिओ आणि आंबेडकर यांचे उपाय फार वेगळे आहेत, आणि तो फरक झाकू नकोस. परीक्षक तिथेच सर्वांत जास्त प्रश्न विचारतील.

थॉमस अक्वायनस, तेराव्या शतकातला कॅथलिक तत्त्वज्ञ, तुला वाचावाच लागेल, आणि तो कंटाळवाणा आहे असे सांगणाऱ्यांचे ऐकू नकोस. तो आधी विरोधकाचे म्हणणे मांडतो, मगच उत्तर देतो. आपल्याकडच्या पूर्वपक्षाची सवय असलेल्याला त्याची मांडणी परकी वाटत नाही. भीतीपोटी केलेल्या कृतीबद्दल तो ॲरिस्टॉटलचे वादळातल्या जहाजाचे उदाहरण घेतो : माल समुद्रात फेकणारा तो स्वेच्छेनेच फेकतो, तरी एका अंगाने ते त्याच्या इच्छेविरुद्धच असते. तुझा पूर्वपक्षही इथेच तयार होतो. ‘मीच काढली, रोजचा त्रास गेला, बरे झाले,’ असे सांगणाऱ्या बायका तुला भेटतील. त्यांना फसलेल्या, अडाणी ठरवून पुढे गेलीस तर प्रबंध तिथेच कोसळेल. त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत, पूर्ण ताकदीने मांड, आणि मग जहाजावर वादळ कोणी आणले ते विचार. समुद्रातले वादळ निसर्ग आणतो. उचलीचा दर, खाड्याचा दंड आणि कारखान्याच्या फडावर नसलेला दवाखाना माणसे ठरवतात.

मुलाखती घ्यायच्या असतील तर संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी लागेल, आणि भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची (आयसीएमआरची) २०१७ची मार्गदर्शक तत्त्वे आधी वाचून काढ. पण समितीच्या फॉर्ममध्ये न येणारी एक गोष्ट सांगतो. फडावर, टोळीत, मुकादम चार हातांवर उभा असताना मुलाखत घेऊ नकोस. टोळ्या गावी परतल्यावर, पावसाळ्याच्या महिन्यांत, बाईच्या सवडीने घे. तिच्यापुढे शाईचा पॅड ठेवू नकोस. कागदावर अंगठा दिला की पैसे अंगावर येतात, हा तिचा अनुभव आहे. तोंडी संमती, साक्षीदारासमोर आणि मराठीत वाचून दाखवलेली, चालेल का, हे समितीला लेखी विचार. कारणे नीट दिलीस तर अशी सोय मान्य होऊ शकते.

मार्गदर्शक निवडताना नाव पाहू नकोस. त्यांच्या हाताखालून अलीकडे बाहेर पडलेल्या दोघा-तिघांना फोन कर आणि प्रकरण वाचून परत यायला किती दिवस लागत, एवढेच विचार. लॅटिन वाचण्यापुरते शिक.

नवे टिपण दसऱ्याच्या आत पाठव. त्यानंतर टोळ्या निघू लागतील, आणि ज्या बायकांशी पहिले बोलणे व्हायला हवे त्या हंगाम संपेपर्यंत भेटणार नाहीत. शीर्षकात जिल्ह्याचे नाव असू दे.

कळावे,
तुझे सर