नवीन टीम लीड झालोय, पण टीम माझ्याशी मोकळेपणी बोलत नाही. संबंध सुधारायला काय करू?

तुम्ही लिहिलंय की सगळ्यांचे वाढदिवस साजरे करता, महिन्यातून एकदा टीमला बाहेर नेता, केबिनचा दरवाजा कायम उघडा ठेवता, तरी कोणी काही सांगत नाही आणि अडचण कळते ती सगळं हाताबाहेर गेल्यावर. त्या दरवाजाचं वाचलं आणि राहवलं नाही. माझ्या पहिल्या साहेबांच्या केबिनला दरवाजाच नव्हता. नुसती काच आणि मोकळी चौकट. तरी आम्ही तिकडे फिरकत नसू.

मी क्वालिटीतला, म्हणजे माल मापात आहे का ते तपासणाऱ्या खात्यातला माणूस. मशीनिंगच्या कारखान्यात इन्स्पेक्टर म्हणून लागलो, बऱ्याच वर्षांनी त्याच खात्याचा मॅनेजर झालो. म्हणजे बोलणी दोन्ही खुर्च्यांवर बसून खाल्ली आहेत.

नोकरीचं दुसरं वर्ष, सेकंड शिफ्ट. एका भागाला २५ मिलिमीटरचं बोअर, म्हणजे गोल भोक होतं. टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एच-७ होता, माप २५.००० ते २५.०२१ च्या आत हवं. भोक मोजायचं बोअर गेज आधी मास्टर रिंगवर, म्हणजे माप माहीत असलेल्या कडीवर सेट करतात आणि त्या रिंगवर तिचं खरं माप कोरलेलं असतं. आमच्या रिंगवर २५.००४ होतं. मी ते वाचलं नाही, २५.००० धरून डायल शून्यावर आणली आणि कामाला लागलो. म्हणजे त्या शिफ्टचं माझं प्रत्येक रीडिंग खऱ्यापेक्षा ४ मायक्रॉनने, म्हणजे मिलिमीटरच्या चार हजारांशाने कमी. मी २५.०१९ लिहून पास केलेला नग प्रत्यक्षात २५.०२३ चा, सरळ रिजेक्ट. रात्री साडेदहाला रिंग पेटीत ठेवताना तो कोरलेला आकडा दिसला आणि पोटात गोळा आला.

३४० नग पॅक होऊन डिस्पॅचला गेले होते. गाडी सकाळी सहाची. कोणाला न सांगता घरी गेलो असतो तर बहुधा कधीच कळलं नसतं, २ मायक्रॉनसाठी कोण परत येतंय! पण मी पळत जाऊन पेट्यांवर होल्डचे टॅग लावले आणि साहेबांना फोन केला. त्यांचा पहिला प्रश्न: "सेटिंग कोणी केलं होतं?" मी म्हटलं, मीच. मग ते पाचेक मिनिटं बोलत होते. माझ्या शिक्षणाबद्दल, माझ्या डोळ्यांबद्दल, मला कामावर घेणाऱ्याच्या अकलेबद्दल. नग किती, आत्ता कुठे आहेत, हे त्यांनी विचारलंच नाही. शेवटी मीच म्हटलं, "साहेब, गाडी थांबवायची का?"

दुसऱ्या दिवशी सगळे नग पुन्हा मोजले. ३४० पैकी ११ बाहेर निघाले. गिऱ्हाइकाकडे एकही गेला नाही. सकाळच्या मीटिंगमध्ये मला उभं करण्यात आलं आणि त्या दिवसापासून माझं नाव 'चार मायक्रॉन' पडलं. चूक करणाऱ्याचं नाव लिहायला भिंतीवरच्या फळ्यावर एक वेगळा रकाना आला. पहिलं नाव माझं, लाल मार्करने.

आता गंमत ऐका. त्यानंतर वर्षभरात आमच्या खात्याच्या चुकांचा आलेख घसरगुंडीसारखा खाली आला. वरून कौतुक झालं, साहेबांना प्रमाणपत्र मिळालं, 'शिस्तीचा परिणाम' म्हणून इतर खात्यांना आमचं उदाहरण दिलं गेलं. खरं काय चाललं होतं? संशय आलेला गेज गुपचूप पेटीत परत जात होता. काठावरचं रीडिंग आत ढकललं जात होतं. शिफ्ट संपताना अर्धा कागद टेबलावर बसूनच भरला जात होता. जाणत्या माणसाने ते रिपोर्ट नुसते चाळले असते तरी पकडलं असतं, कारण भोक कापणारं टूल झिजतं तसं बोअर बारीक होत जातं, दिवसभरात रीडिंग सरकायला हवीत. आमची रीडिंग टॉलरन्सच्या मधोमध मांडी घालून बसलेली. पण आकडे चांगले होते ना, मग कोण विचारतो. विचारलं ते एक अख्खा लॉट परत आल्यावर. तेव्हा साहेबांचं वाक्य काय होतं माहितीये? "मला कोणी सांगितलं का नाही?"

तुमच्या प्रश्नातही हाच सूर आहे, म्हणून एवढं लांबण लावलं.

पुढे खूप उशिरा मला हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांचा १९९६ मध्ये छापून आलेला अभ्यास कळला. रुग्णालयांच्या विभागांत औषध देताना होणाऱ्या चुका त्यांनी पाहिल्या होत्या. अपेक्षा अशी की ज्या विभागात प्रमुखाशी संबंध चांगले तिथे चुका कमी. आकडेवारी उलटी निघाली, चांगल्या विभागांत चुका जास्त! मग उलगडा झाला तो असा की तिथे चुका बोलून दाखवल्या जात होत्या, इतर ठिकाणी दाबल्या जात होत्या. हे वाचून मी बराच वेळ गप्प बसलो होतो. आमच्या फळ्याची गोष्ट कोणीतरी परस्पर लिहून ठेवल्यासारखं वाटलं.

आणि साहेबांना हे ठाऊक नव्हतं असं कसं म्हणू? आम्हाला डेमिंग या अमेरिकन क्वालिटी-तज्ज्ञाचे १४ मुद्दे त्यांनीच शिकवले होते. क्वालिटीत ते पाठच असतात. आठवा मुद्दा आहे, कामाच्या जागेवरून भीती हद्दपार करा. त्यांनी तो वाचला, "हे समजायला सोपं आहे" म्हणाले आणि नवव्याकडे वळले.

त्यांच्या जागी ज्या मॅडम आल्या त्यांच्याकडे दरवाजा होता आणि तो बहुतेक वेळ बंद असायचा. बोलणं मोजकं, हसणं त्याहून कमी. वाढदिवस कोणाचा कधी असतो हे त्यांना माहीत नव्हतं. पहिल्याच आठवड्यात एका नव्या मुलाच्या हातून बोअर गेज पडला आणि तो बिचारा थरथरत सांगायला गेला. मी शेजारीच होतो. मॅडमनी विचारलं, "पडल्यानंतर किती नग मोजलेस?" दोन. "ते दोन बाजूला काढ, गेज कॅलिब्रेशनला, तपासून घ्यायला पाठव, दुसरा घेऊन काम सुरू कर." संपलं. दुसऱ्या दिवशी त्या स्वतः टेबलापाशी येऊन उभ्या राहिल्या, गेज कुठून घरंगळतो ते पाहिलं आणि काठाला पट्टी लावून घेतली. त्या महिन्यात गेज पडल्याच्या आणखी चार नोंदी झाल्या. त्याआधीच्या दोन वर्षांत आमच्या खात्यात एकही गेज पडला नव्हता म्हणे!

अर्थात नोंदी वाढल्यावर वरून विचारणा झाली. मॅडम मीटिंगला एकट्या गेल्या. आमच्यापैकी कोणाचं नाव तिथे निघालं नाही, हे आम्हाला दुसऱ्याकडून कळलं. माझ्या मते टीमचा विश्वास त्या दिवशी बसला. वरून आलेली झळ माणूस स्वतः किती सोसतो आणि किती खाली सोडतो, एवढंच लोक बघत असतात.

टोयोटाच्या लाइनवरची अँडनची दोरी तुम्ही ऐकली असेल. काही खटकलं की कामगार दोरी ओढतो, दिवा लागतो. सगळे सांगतात की तिथे साधा कामगारही लाइन थांबवू शकतो. त्यातला खरा कळीचा भाग लोक सोडून देतात. दोरी ओढली की टीम लीडर धावत त्याच्यापाशी येतो, अडचण काय ते बघतो आणि दोघांना ठरलेल्या टप्प्यापर्यंत ती सुटली नाही तरच लाइन थांबते. धावत येणारं कोणी नसेल तर दोरीचा उपयोग कपडे वाळत घालायला.

आता मी शहाणा झालो असं समजू नका. मॅनेजर झाल्यावर ओरडणं, फळा, हे सगळं मी बंद केलं आणि स्वतःवर फार खूश होतो. माझा रोग वेगळा निघाला. मी 'बघू' म्हणायचो. खात्यातल्या एका मुलीला संध्याकाळचा कोर्स करायचा होता, तिने शिफ्ट बदलून मागितली. मी म्हटलं, बघू. महिन्याने तिने पुन्हा विचारलं. बघू या. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा मी हसून म्हटलं, "लक्षात आहे हं माझ्या." नव्हतं. त्यानंतर तिने शिफ्टचं काढलं नाही आणि हळूहळू बाकीचं बोलणंही आटलं. एका मशीनचं फिक्श्चर, म्हणजे नग घट्ट धरून ठेवणारी पकड, ढिलं झाल्याचं तिला चार दिवस आधी दिसलं होतं, मला सांगितलं नाही. राजीनामा देताना म्हणाली, "सर, नाही म्हटलं असतं तरी चाललं असतं." 'बघू' हा आपल्या भाषेतला सगळ्यात सभ्य नकार आहे, पण ऐकणारा तो होकार समजून तारखा मोजत बसतो.

तेव्हापासून एक वही आहे. कोणी काही मागितलं की तारखेसह लिहायचं आणि त्याच आठवड्यात हो किंवा नाही सांगायचं. नाही असेल तर कारणासकट. माझ्या हातात नसेल तर कोणाच्या हातात आहे ते सांगायचं. लोकांना नकाराचं एवढं वाईट वाटत नाही, ताटकळण्याचं वाटतं.

तुमच्यासाठी म्हणून जे काही आहे ते हेच. वाढदिवस करा, त्याने बिघडत काही नाही, पण त्याला संबंध म्हणू नका. पुढची वाईट बातमी घेऊन कोणी येईल तेव्हा तुमच्या तोंडून पहिला प्रश्न 'कोणी' असा निघतो की 'किती, कुठे' असा, यावर सगळी टीम वर्षभराचं मत बनवते. आणि प्रत्येकाशी एकट्याने बोलायची वेळ ठरवा, पण ती त्याची वेळ, विषय त्याने आणायचे. कामाचा आढावा तिथे घेऊ नका. अमेरिकेत शिकागोजवळच्या हॉथॉर्नच्या कारखान्यात १९२८ ते १९३० च्या दरम्यान वीस हजारांवर कामगारांच्या मुलाखती घेतल्या होत्या. सुरुवातीला ठरलेली प्रश्नावली होती, पण कामगार भलत्याच विषयावर घसरत. शेवटी प्रश्नावली बाजूला ठेवून ते बोलतील ते ऐकायचं ठरलं, तेव्हा कुठे कामाचं काही हाती लागलं. पहिल्या दोन-तीन भेटींत तुमच्यासमोर माणूस 'सगळं ठीक आहे सर' एवढंच म्हणेल. म्हणू द्या. भेट रद्द मात्र करू नका, ती रद्द झाली की तुमच्या लेखी तिची किंमत काय ते त्याला कळतं.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या, त्या आता आठवतायत. गप्प राहणारा प्रत्येक जण घाबरलेलाच असतो असं नाही, काहींना खरंच काही सांगायचं नसतं, त्यांना सोडा. पगार कमी असेल, माणसं अपुरी असतील तर तुमच्या गोड बोलण्याने ते भरून निघणार नाही, उलट लोक चिडतील. नुसते टीम लीड असाल तर बऱ्याच गोष्टी तुमच्या हातात नाहीत, तसं स्पष्ट सांगा. आणि चूक वेगळी, खोटं वेगळं. चुकून गेज पडला तर रागावू नये, पण न मोजता कोणी आकडा लिहिला तर त्याची गय करू नये. इथे मी कडक आहे. हे कोणाला विसंगत वाटेल, वाटू दे.

एक कबुलीही देतो. हे उत्तर सगळंच तुमच्यासाठी लिहिलेलं नाही. आमच्या जुन्या लोकांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्यात ते पहिले साहेब आहेत. निवृत्त होऊन वर्षं झाली, तब्येत ठणठणीत. मागच्याच आठवड्यात कोणीतरी हल्लीच्या पोरांबद्दल काही टाकलं, त्यावर साहेबांनी लिहिलं, "धाक होता म्हणून माझ्या काळात रिजेक्शन निम्म्यावर आलं होतं. आकडे बघा." खाली पंचवीस अंगठे. मी लांबलचक उत्तर टाइप केलं, पुसलं, पुन्हा टाइप केलं, पुन्हा पुसलं. त्यांना काय सांगणार? ते आकडे मला चांगले माहीत आहेत. टॉलरन्सच्या मधोमध बसलेल्या त्या रीडिंगांखाली सेकंड शिफ्टच्या ज्या सह्या आहेत, त्यातल्या बऱ्याच माझ्या आहेत.