नाट्यसंगीत ऐकत वाढलेल्या माणसाने गोव्यातल्या हौशी ऑर्केस्ट्राच्या मैफिलींना जावं का? यंदा सुरुवात कुठून करावी? आणि या मैफिली पावसाळ्यात का नसतात?

जरूर जा. मी अशाच एका हौशी ऑर्केस्ट्रात सहा वर्षं सेकंड व्हायोलिन वाजवते. माझंही लहानपण फोंड्याजवळच्या देवळातल्या नाटकांची पदं ऐकण्यातच गेलं, त्यामुळे 'काहीच कळलं नाही तर?' ही तुमची धास्ती मला चांगली ठाऊक आहे.

आपल्याकडे गायक पुढे असतो आणि ऑर्गन त्याच्या मागून जातो. इथे एकाच वेळी चार-पाच ओळी चालू असतात. सगळं एकदम पकडायला गेलं की गोंधळ उडतो, म्हणून पहिल्या खेपेला एकच वाद्य धरून बसा. माझं ऐकाल तर चेलो धरा, म्हणजे बसून गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात ते मोठं, खर्जातलं व्हायोलिन; आणि जानेवारीची मैफील निवडा.

त्या मैफिलीत आम्ही ऑस्ट्रियन संगीतकार शूबर्टची 'अनफिनिश्ड' (अपुरी) सिंफनी, म्हणजे ऑर्केस्ट्रासाठीची मोठी रचना, वाजवणार आहोत. शूबर्टने तिचे दोन भाग 1822 साली लिहिले, 1828 मध्ये तो गेला आणि ती पहिल्यांदा वाजली 1865 साली व्हिएन्नात. त्याला स्वतःला ती कधी ऐकायलाच मिळाली नाही, हे आठवलं की तालमीत आजही माझा घसा दाटून येतो. सुरुवातीला चेलो आणि डबल बास अगदी खालच्या सुरात, जेमतेम ऐकू येईल इतकं हळू वाजवतात. थोड्या वेळाने चेलोवर एक चाल येते, इतकी सरळ की दुसऱ्या दिवशी स्वयंपाक करताना गुणगुणाल. मग आम्ही व्हायोलिनवाले ती उचलतो, आणि ऐन मध्यावर ती तुटते. एक अख्खा बार, म्हणजे तीन मात्रा, सगळा ऑर्केस्ट्रा गप्प. नंतर सगळे मिळून जोरात कोसळतात. त्या तीन मात्रांत बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, तारेपासून वर धरून थांबणं आम्हाला सगळ्यात जड जातं. तालमीत कुणाचा ना कुणाचा बो तारेला लागतोच, की पुन्हा पहिल्यापासून.

मैफील कला अकादमीत आहे, आणि सभागृहाला नाव आहे दीनानाथ मंगेशकरांचं. तुमच्यासारख्या श्रोत्याला तिथे परकं वाटायचं कारण नाही. तसे हे सूर तुमच्या ओळखीचेही आहेत: जुन्या हिंदी गाण्यांतले व्हायोलिनचे ताफे आठवा. त्यांत गोवेकर किती होते! लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतले प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. चर्चच्या शाळेत सोल्फ (लिहिलेले सूर वाचून गाणं) शिकून, घरात रेबेक (आमच्याकडे व्हायोलिनला हेच म्हणतात) वाजवून मोठी झालेली ही माणसं मुंबईला गेली. आमच्यातल्या काही वयस्कर वादकांनी नोटेशन अजून त्याच पद्धतीने पाठ केलेलं आहे.

त्याआधी नाताळाच्या सुमारास एका जुन्या चर्चमध्ये इटालियन संगीतकार कोरेल्लीची ख्रिसमस कॉन्चेर्तो ही रचना आहे. दोन व्हायोलिन आणि एक चेलो पुढे, बाकीचे मागे, आणि शेवटी मेंढपाळांच्या बासरीसारखी झुलती चाल. चर्चच्या उंच छताखाली आवाज लांबतो, तेव्हा पुढच्या बाकांवर बसा. फेब्रुवारीची मैफील मुलांसाठी आहे. घरात लहान मूल असेल तर घेऊन या.

मैफिली पावसाळ्यात का नसतात, हेही तुम्ही विचारलंय. दमट हवेत लाकूड फुगतं, खुंट्या अडकतात, सरस सैल होतो. एका जुलैत माझ्या व्हायोलिनची पाठ कडेने इतकी सुटली की फटीतून पोस्टकार्ड आत गेलं असतं. चतुर्थी आटोपली की आमच्या तालमी सुरू होतात.

टाळ्यांचं म्हणाल तर आपली मध्येच 'वाहवा' देण्याची सवय तेवढी आवरायची. कंडक्टरचे हात पूर्ण खाली येईपर्यंत थांबा. ते हात हवेत असेपर्यंत आमच्यासाठी संगीत चालूच असतं.

आणि जरा लवकर या. सुरुवातीला सगळे एका सुराला वाद्यं लावतात; तुमच्या पेटीवरची ती पांढरी सहा. पन्नास तारा हळूहळू त्या एका सुरावर येतात ना, ते चुकवू नका. चेलो प्रेक्षकांच्या उजव्या हाताला असतात, खुर्ची त्या बाजूची धरा.