गाउटसाठी (युरिक अ‍ॅसिडमुळे होणारी सांधेदुखी) अ‍ॅलोप्युरिनॉल ही युरिक अ‍ॅसिड कमी करणारी गोळी सुरू केल्यापासून पायाचा अंगठा जास्तच सुजलाय, गोळी बंद करू का?

नाही, झटका आला म्हणून स्वतःहून बंद करू नका. युरिक अ‍ॅसिड उतरायला लागलं की सांध्यात साठलेले सुईसारखे स्फटिक सुटतात, म्हणून सुरुवातीच्या महिन्यांत गाउट उसळतो. त्यासाठीच १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेनं सुरुवात करून हळूहळू वाढवतात आणि सोबत ३ ते ६ महिने थोडं कोल्चिसिन (झटके टाळणारं औषध) देतात. तुम्हाला ते दिलंय का, डॉक्टरांना विचारा. रक्तातल्या युरिक अ‍ॅसिडचा आकडा ६ मिलिग्रॅम/डेसिलिटरच्या खाली टिकायला हवा.

अंगावर पुरळ, ताप किंवा तोंडात फोड आले तर मात्र गोळी लगेच थांबवून दवाखाना गाठा.

आणि पांढरा रस्सा! मटणातलं प्युरिन, ज्यापासून शरीरात युरिक अ‍ॅसिड बनतं, ते अळणी पाण्यात (मटण शिजवलेल्या पाण्यात) उतरतं आणि त्याचाच हा रस्सा. फोडी बाजूला सारून वाटीवर वाटी रस्सा ओरपला तर पथ्य कसलं?