दहा किलोमीटरचं सोडा, यादीचं बोला

नाशिकच्या एका ताईंचं पत्र आहे. सहा वर्षं एका वेलनेस सेंटरमध्ये मसाज थेरपिस्ट म्हणून काम केलं, मग राजीनामा देऊन एका फ्लॅटमध्ये दोन टेबलांचं स्वतःचं केंद्र सुरू केलं. नवे ग्राहक मिळावेत म्हणून सेंटरच्या बुकिंग सॉफ्टवेअरमधून उतरवून घेतलेल्या ३४० नंबरांवर व्हॉट्सॲपने ‘पहिली मालिश निम्म्या दरात’ असा मेसेज टाकला. आता जुन्या मालकांच्या वकिलाची नोटीस आली आहे. नोकरीच्या बाँडप्रमाणे (किमान तीन वर्षं काम करण्याची अटही त्यातच होती) सोडल्यावर दोन वर्षं दहा किलोमीटरच्या आत हा धंदा करायचा नाही, ग्राहकांची माहिती गोपनीय असून ती वापरायची नाही, आणि अटी मोडल्याबद्दल पाच लाख रुपये पंधरा दिवसांत भरायचे. ताई विचारतात: केंद्र बंद करावं लागेल का? नोटीस येऊन अठरा दिवस झाले, उत्तर दिलेलं नाही. बाँडची प्रतही त्यांच्याकडे नाही.

पार्लर, जिम, शिकवण्या, फिजिओथेरपीचे दवाखाने, सगळीकडून हेच पत्र येतं आणि प्रत्येकाला धास्ती असते ती दहा किलोमीटरची. ताई, ती अट तुमचं काही बिघडवू शकत नाही. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २७ प्रमाणे कुणालाही कायदेशीर धंदा करण्यापासून रोखणारा करार त्या मर्यादेपुरता रद्दबातल असतो. करार संपल्यानंतरच्या बंधनांबाबत सर्वोच्च न्यायालयाने २००६ साली क्रिकेटपटू झहीर खान यांच्या प्रकरणात हेच सांगितलं. नोकरीत असतानाची बंधनं वेगळी. किमान अमुक वर्षं काम करीन, नाहीतर ठरलेली रक्कम देईन, असा बाँड मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका बँकेच्या बाजूने मान्य केला आहे. पण तुमची बाँडमधली तीन वर्षं केव्हाच भरली. तेव्हा केंद्र बंद करू नका.

पाच लाखांचा आकडाही तसाच फुगवलेला आहे. करार कायद्याच्या कलम ७४ खाली करारात लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा असते. प्रत्यक्षात वाजवी भरपाईच मिळते आणि सर्वसाधारणपणे नुकसान झालं हे दाखवावं लागतं. बाँडवर नोटरीचा शिक्का आहे म्हणून तो आकडा पक्का होत नाही.

खरं दुखणं गोपनीयतेच्या कलमात आहे आणि ते तुम्ही स्वतःच्या हातांनी ओढवून घेतलं आहे. तुम्हाला धंदा करण्यापासून रोखता येत नाही, पण मालकाच्या माहितीचा वापर करण्यापासून रोखता येतं. या दोन गोष्टींमधली रेघ दिल्ली उच्च न्यायालयाच्या २००६ मधल्या दोन निकालांत दिसते. एका परदेशी बँकेच्या माजी अधिकाऱ्याविरुद्ध न्यायालयाने मनाई नाकारली. ग्राहकांची नावं-नंबर आहेत एवढ्यावर त्यांच्याशी व्यवहारच करू नका असं म्हणता येत नाही, असं म्हटलं. त्याच महिन्यात एका वकिली फर्ममधून बाहेर पडलेल्यांना मात्र सोबत उचलून नेलेल्या याद्या आणि कागदपत्रं वापरायला मनाई झाली, वकिली करायची मुभा राहिली. तुमचं प्रकरण कुठल्या बाजूला झुकेल हे एका तपशिलावर ठरेल: यादी तुमच्याकडे आली कशी? भेटीच्या वेळा ठरवायला मालकानेच तुमच्या फोनवर नंबर दिले असतील तर एक गोष्ट. राजीनाम्याच्या आठवड्यात सॉफ्टवेअरमधून अख्खी फाइल उतरवली असेल तर अगदी दुसरी. अशा सॉफ्टवेअरमध्ये कुणी केव्हा काय उतरवलं याची नोंद बहुधा राहते. शिवाय परवानगीशिवाय संगणकातून माहिती उतरवणं माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ४३ मध्ये बसतं, आणि ते अप्रामाणिकपणे केलं असं ठरलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. फौजदारी तक्रार होईलच असं मी म्हणत नाही. पण हा धोका मनात ठेवूनच नोटिशीच्या उत्तरातला प्रत्येक शब्द लिहायचा.

म्हणून आजपासून त्या यादीवर एकही मेसेज नाही. आणि घाबरून फोन साफही करू नका. नोटीस आल्यावर पुसलेला मेसेज पाठवलेल्या मेसेजपेक्षा जास्त नुकसान करतो, कारण समोरच्या ३४० जणांपैकी कुणाच्या तरी फोनमध्ये तो आहेच आणि पुसणं मात्र तुमच्या माथी येतं. फाइल आहे तशी वकिलाच्या ताब्यात द्या. जुन्या मालकांना ‘चुकलं, माफ करा’ असा मेसेज टाकायचा मोह आवरा. तो कबुलीजबाब म्हणून दाव्याला जोडला जाईल.

आता सगळ्यात तातडीचं. अठरा दिवस गप्प बसलात ही मोठी चूक आहे. पंधरा दिवसांची मुदत कायद्याने घातलेली नाही, वकिलाने घातलेली आहे, त्यामुळे ती उलटली म्हणून तुम्ही हरलेल्या नाहीत. पण उत्तर नाही म्हटल्यावर समोरचा वकील दावा दाखल करून निशाणी ५ चा, म्हणजे तात्पुरत्या मनाईचा, अर्ज देईल आणि तुम्हाला न ऐकताच तूर्तातूर्त मनाई मागेल. न्यायाधीशांसमोर त्या दिवशी फक्त तुमचा मेसेज आणि बाँडवरची तुमची सही असेल. तो एकतर्फी हुकूम अर्धा पानभर असतो आणि ‘ग्राहकांशी संपर्क’ हे शब्द त्यात इतके सैल पडतात की केंद्राचं दार उघडणंही भीतीचं होऊन बसतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ३९, नियम ३-अ मध्ये लिहिलंय की असा अर्ज तीस दिवसांत निकाली काढण्याचा प्रयत्न व्हावा. आपल्या दिवाणी न्यायालयांत या तीस दिवसांचं काय होतं ते कुठल्याही न्यायालयाच्या बोर्डावर जाऊन पाहा: आज म्हणणं दाखल नाही, उद्या वकील हजर नाहीत, परवा न्यायाधीशांची बदली. दोन टेबलांचं केंद्र सहा महिने बंद राहिलं तर निकाल तुमच्या बाजूने लागूनही उपयोग नाही. ही दिरंगाई एका बाजूलाच छळते, आणि तुमच्यासारख्या लहान व्यावसायिकाला ती परवडणारी नाही.

यावर उपाय एकच: कॅव्हेट, म्हणजे ‘मला कळवल्याशिवाय हुकूम देऊ नका’ असं न्यायालयाला आधीच लिहून देणं. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १४८-अ. कॅव्हेट असेल तर समोरच्याच्या अर्जाची सूचना तुम्हाला दिल्याशिवाय त्यावर सुनावणी होत नाही. कॅव्हेटमध्ये जुन्या मालकांचं आणि सेंटरचं नाव-पत्ता बरोबर लिहा. संस्था, भागीदारी की कंपनी, याचा घोळ झाला तर दाव्याच्या नावाशी कॅव्हेट जुळतच नाही, आणि कॅव्हेट फसतं ते बहुतेक वेळा याच कारणाने. त्याची सूचना त्यांना नोंदणीकृत टपालाने पाठवून पावती जपा. दाव्याची किंमत आधी सांगता येत नाही म्हणून कनिष्ठ आणि वरिष्ठ, दोन्ही स्तरांच्या दिवाणी न्यायालयांत दाखल करा. बाँडमध्ये दुसऱ्या शहराचं न्यायालय लिहिलेलं असेल तर तिथेही. कॅव्हेट ९० दिवस टिकतं, मग नवं द्यावं लागतं. तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

त्याच दिवशी नोटिशीला उत्तर. तीन गोष्टी पुरेत: आरोप नाकबूल, बाँडची पूर्ण प्रत द्या, आणि कोणतीही कबुली न देता, सेंटरच्या नोंदींमधली माहिती यापुढे वापरणार नाही अशी हमी. अशी लेखी हमी असली की तातडीच्या मनाईची गरज काय हे समोरच्यालाच पटवून द्यावं लागतं.

राहिला मूळ प्रश्न, ग्राहक आणायचे कसे. जुना ग्राहक स्वतः शोधत आला तर त्याला सेवा द्यायला हरकत नाही, तो कुणाच्या मालकीचा नसतो. तुम्ही बोलावणं आणि त्याने येणं यातला फरक पुराव्याने दाखवता आला पाहिजे. त्यासाठी एक जाड वही घाला: तारीख, नाव, ‘केंद्राबद्दल कुठून कळलं’ आणि ग्राहकाची सही. मेसेज पाठवायची परवानगी त्याच ओळीत घ्या. गुगल नकाशावरची नोंद, परिसरातली पत्रकं, सोसायटीच्या फलकावरची जाहिरात, हे सगळं सर्वांसाठी असल्याने ग्राहक पळवल्याचा आरोप त्यावर टिकणं अवघड. जुन्या सेंटरचं नाव, तिथले फोटो, तिथल्या ग्राहकांचे अभिप्राय मात्र वापरू नका.

तुम्ही पत्रकाचा मसुदा जोडलाय. त्यात ‘खास औषधी तेलाने लकवा, संधिवात, रक्तदाब, लठ्ठपणा यांवर हमखास इलाज’ असं आहे. ही ओळ आजच काढा. १९५४ च्या औषधे व जादुई उपचार कायद्याच्या अनुसूचीत हे चारही आजार आहेत, आणि बरं करण्यासाठी वापरायचं तेल त्या कायद्यात औषधच ठरतं. पहिल्या दोषसिद्धीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड, किंवा दोन्ही. ‘मान-पाठ आखडणे, थकवा, व्यायामानंतरचा स्नायूंचा ताण यांसाठी मालिश’ एवढं लिहा. फिजिओथेरपिस्ट म्हणून नोंदणी नसेल तर नावापुढे ‘थेरपी’ चालेल, ‘फिजिओथेरपिस्ट’ नको. डॉक्टरांना रुग्ण पाठवण्याबद्दल कमिशन देऊ नका, ते घेणं त्यांच्या व्यावसायिक आचारनियमांत बसत नाही. कामगार मोजकेच असल्याने २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याखाली फक्त सूचना द्यायची आहे, धंदा सुरू झाल्यापासून ६० दिवसांत. केंद्र फ्लॅटमध्ये आहे, त्या व्यावसायिक वापराबद्दल सोसायटीचे उपविधी आणि महापालिका काय म्हणतात ते कागद पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही.

वकिलाकडे उद्याच जा. नोटीस आणि तिचा लिफाफा (टपालाच्या शिक्क्यावरची तारीख लागेल), राजीनाम्याची पोच, शेवटच्या तीन पगारांच्या नोंदी, आणि तो मेसेज ज्या फोनवरून गेला तो फोन सोबत घ्या. फोन बदलू नका. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे मेसेज पुराव्यात द्यायला प्रमाणपत्र लागतं, आणि ते मूळ फोन हाताशी असताना करून घेणं सोपं जातं.